मोठा, लॉक होणारा घडीचा चाकू: शोधायचा कसा, तपासायचा कसा

कामासाठी मोठा घडीचा चाकू हवा असला की बहुतेक जण आधी पोलादाची चौकशी करतात, मग मुठीच्या लाकडाची. लॉकचा विचार चाकू हातात आल्यावर सुरू होतो. मग कळतं, की ज्याला आपण लॉक समजत होतो ती नुसती कडक स्प्रिंग आहे. किंवा लॉक आहे, पण मूठ आवळून धरली की सुटतो. किंवा चाकू उत्तम आहे, पण तो खिशात घेऊन बाहेर पडायलाच कायद्याची आडकाठी आहे. या सगळ्यामागे एकच चूक असते: क्रम उलटा लागलेला असतो. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने घ्या.

‘पारंपरिक’ म्हणजे इथे काय अपेक्षित आहे तेही सांगून टाकतो. पात्यावर नखासाठी खाच किंवा बोटांत धरता येईल इतकी जागा, दोन्ही हातांनी उघडायचा, मूठ लाकडाची, शिंगाची, हाडाची किंवा पत्र्याची, आणि सांध्यात बहुधा स्क्रूऐवजी ठोकून बसवलेला खिळा. अंगठ्याने झटकन उघडणारे आधुनिक चाकू हा वेगळा विषय आहे.

## टप्पा १: आधी कामं ठरवा

एका कागदावर शेवटच्या महिन्यात चाकूने खरोखर काय काय कापलं ते लिहा. पुढे कधीतरी लागेल म्हणून नको. दोरखंड, पुठ्ठा, रबरी नळी, कोवळ्या फांद्या, पोत्याची शिवण, फळं, चामडं, जे असेल ते.

यादी झाली की तिचे दोन भाग करा: जिथे पातं ओढून कापता ती कामं, आणि जिथे टोक खुपसून किंवा दाबून कापता ती. पहिल्या प्रकाराला लॉकची फारशी गरज पडत नाही, कारण ओढून कापताना दाब पात्याला उघडंच ठेवतो. खरी गरज दुसऱ्या प्रकाराला आहे. टोक आत रुतलं आणि चाकू मागे खेचताना पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट बाजूवर, जोर आला, की बिनलॉकचं पातं बोटांवर मिटतं.

इशारा: यादीत उचकटणं, डबा फोडणं, स्क्रू फिरवणं किंवा पात्यावर हातोडी मारून लाकूड फोडणं असेल, तर ती कामं खोडा. घडीचा चाकू, कितीही जाडजूड असो, सांध्याच्या एका खिळ्यावर उभा असतो. ही कामं खोडायची नसतील तर तुम्हाला घडीचा चाकू नकोच आहे. एकसंध पात्याचा, म्यानातला चाकू घ्या.

## टप्पा २: माप घ्या, पण कशाचं?

‘मोठा चाकू’ म्हणताना एक जण पात्याची लांबी धरतो, दुसरा उघड्या चाकूची पूर्ण लांबी, तिसरा मिटलेल्या चाकूची. विक्रीच्या पानावर जो आकडा ठळक दिसतो तो बहुधा सर्वांत मोठा असतो. तुम्हाला दोन मापं लागतात: पात्याची लांबी आणि मिटल्यावरची लांबी. पहिलं काम ठरवतं, दुसरं खिसा.

अंदाजासाठी सहज सापडणारी उदाहरणं घ्या. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीच्या चाकूंचे आकार क्रमांकांनी ओळखतात. ८ क्रमांकाचं पातं ८.५ सेंटिमीटरचं, १० क्रमांकाचं १० सेंटिमीटरचं, १२ क्रमांकाचं १२ सेंटिमीटरचं. ८ क्रमांक मिटल्यावर ११ सेंटिमीटरचा होतो. अमेरिकेचा बक ११० हा मोठ्या लॉकच्या चाकूचा नेहमीचा नमुना. त्याचं पातं पावणेचार इंच, म्हणजे साधारण ९.५ सेंटिमीटर. जर्मनीच्या मर्केटरचं पातं ९ सेंटिमीटरच्या आसपास असतं.

माझ्या मते ९ ते १० सेंटिमीटर हा कामाच्या चाकूचा खरा पट्टा. १२ च्या पात्याने कलिंगड किंवा मोठा पाव छान कापला जातो, पण टोकाचं बारीक काम अवघड होतं, कारण टोक हातापासून लांब जातं. ओपिनेलचा १३ क्रमांकही मिळतो, पातं २२ सेंटिमीटरचं. तो भिंतीवर शोभतो.

लांबीइतकंच वजनही बघा. ८ क्रमांकाचा ओपिनेल ५० ग्रॅमच्या आसपास असतो. बक ११० चं वजन २०० ग्रॅमच्या घरात जातं, कारण त्याच्या मुठीच्या दोन्ही टोकांना भरीव पितळ असतं. म्हणूनच तो खिशात नाही, पट्ट्याच्या म्यानात वागवतात. दिवसभर खिशात ठेवायचा असेल तर हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

तपासा: पुठ्ठ्याचा एक तुकडा मिटलेल्या चाकूच्या मापाने कापा आणि दिवसभर खिशात ठेवून वावरा. खाली बसताना टोचला तर माप कमी करा.

## टप्पा ३: कायदा आत्ता बघा, चाकू घेतल्यावर नव्हे

कायदा सहसा तीन गोष्टी बघतो: पात्याची लांबी, लॉक आहे की नाही, आणि चाकू एका हाताने उघडतो की दोन. कुठला मुद्दा कुठे अडेल ते देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत धार असलेला, लॉक नसलेला घडीचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. लॉक असला की पातं कितीही छोटं असो, सबळ कारण लागतं. जर्मनीत अडचण आहे ती एका हाताने उघडून लॉक होणाऱ्या चाकूची. म्हणजे एकच चाकू एका ठिकाणी लॉकमुळे अडतो, दुसऱ्या ठिकाणी उघडण्याच्या पद्धतीमुळे.

तुम्ही राहता तिथला आणि चाकू घेऊन जाणार असाल तिथला, दोन्हीकडचा आजचा नियम वाचा. घरात ठेवणं आणि सोबत बाळगणं यांचे नियम वेगळे असू शकतात. विमानाच्या केबिनमध्ये असा चाकू चालत नाही, हे तर गृहीतच धरा.

## टप्पा ४: लॉक ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे घाई नको.

लॉक नसलेला, पण लॉकसारखा वाटणारा. पुष्कळ जुन्या घाटाच्या चाकूंत मुठीच्या पाठीला एक जाड स्प्रिंग असते. पातं पूर्ण उघडलं की ती टक् आवाज करून बसते आणि पातं घट्ट वाटतं. पण पात्याच्या पाठीवर जोर दिला की ते मिटतं. फ्रेंच लागिओल घाटाचे चाकू नेहमीच्या स्वरूपात याच जातीचे आहेत. पाठीवरची ती प्रसिद्ध माशी लॉकचं बटण नाही, नक्षी आहे. सॉडबस्टर नावाचा दणकट चाकूही सहसा असाच. जपानी हिगोनोकामीत तर स्प्रिंगही नाही. पात्याच्या मागे आलेली शेपटी अंगठ्याने दाबून धरायची असते. सगळे चांगले चाकू आहेत, पण तुम्ही शोधताय ते नव्हेत.

ओळखायची खूण सोपी आहे: मिटवण्याआधी काहीतरी दाबावं, फिरवावं किंवा ओढावं लागलं तर लॉक आहे. नुसतं ढकलून मिटला तर नाही.

फिरतं कडं. ओपिनेलचं. मुठीच्या तोंडाशी चिरलेलं पोलादी कडं असतं. पातं उघडून ते फिरवलं की चीर सरकते आणि पात्याचा मागे येण्याचा मार्ग बंद होतो. ही रचना १९५५ पासून आहे, आणि २००० पासून पातं मिटलेलं असतानाही कडं अडकवता येतं, हे खिशात ठेवणाऱ्यासाठी महत्त्वाचं. दोष दोन. कडं आपोआप लागत नाही, ते फिरवायची सवय लागते. घाईत विसरलात की हातात बिनलॉकचा चाकू. आणि लाकडी मूठ पाणी पिऊन फुगली की पातं आत घट्ट बसतं. तेव्हा नखाने झगडू नका. कडं उघडं असल्याची खात्री करून मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच आपटा, पातं थोडं बाहेर येतं.

पाठीवरचा लॉक. बक ११० आणि मर्केटर या जातीचे. मुठीच्या पाठीत एक दांडी असते, तिचा दात पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत बसतो. पाठीवर दाबलं की सुटतो. स्वतःहून लागतो, दोन्ही हातांना सारखाच चालतो. मोठ्या कामाच्या चाकूसाठी मी हाच सुचवेन. पण यात एक खोच आहे. मूठ जोरात आवळून धरली की तळहाताचा मांसल भाग त्याच दांडीवर येऊ शकतो. दाबायची जागा मुठीच्या अगदी मागच्या टोकाला असेल तर धोका कमी. मध्यावर असेल तर जास्त.

दात्यांचा लॉक. ओकापी आणि स्पॅनिश नावाखा या चाकूंचा. पातं उघडताना कर्र कर्र आवाज येतो, कारण ते एकेक दात ओलांडत जातं. मिटवायला कडी ओढावी लागते. इथली चूक म्हणजे आवाज आला म्हणून थांबणं. शेवटचा दात बसेपर्यंत उघडा.

आतल्या पट्टीचा लॉक. विजेच्या कामाच्या जुन्या दोनपाती चाकूंत दिसतो. मात्र नीट बघा: अशा चाकूंत बरेचदा स्क्रूड्रायव्हरचं पातं लॉक होतं आणि कापायचं पातं होत नाही. जाहिरातीत ‘लॉक आहे’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

## टप्पा ५: पात्याचा आकार, मग पोलाद

टोक पुढे निमुळतं होत गेलेलं पातं खुपसायला छान, पण टोक पातळ असल्याने तुटायची भीती. मधोमध टोक असलेलं पातं सर्वसाधारण कामाला बरं. धार सरळ आणि पाठ पुढे खाली वळलेली असेल तर टोक जवळजवळ नसतंच. दोरखंड कापणाऱ्यांना आणि बोटीवर काम करणाऱ्यांना हेच हवं असतं, कारण हिसका बसला तरी भोसकलं जात नाही. फांद्या छाटायला चोचीसारखं आत वळलेलं पातं, पण ते दुसऱ्या कशालाच धड नाही.

जाडीकडे लोक दुर्लक्ष करतात. ओपिनेलच्या ८ क्रमांकाचं पातं दोन मिलिमीटरच्या आत, बकचं तीनच्या आसपास. पातळ पातं पुठ्ठ्यातून आणि फळातून सरळ जातं, जाड पातं तिथे पाचर होऊन फाडतं. जाडी म्हणजे मजबुती असं समजून घेतलेला चाकू कापायच्या कामात हमखास निराश करतो.

पोलादाबद्दल एवढंच: कार्बन पोलाद लवकर धारेला येतं, दगडावर घासायला सोपं, पण ओलं ठेवलं की गंजतं आणि लिंबू-कांद्याने काळं पडतं. तो करडा-काळा थर वाईट नाही, तांबूस गंज वाईट. स्टेनलेस ओल्या कामाला. पाण्याजवळ, घामट खिशात किंवा खाऱ्या हवेत वापरणार असाल तर स्टेनलेस घ्या आणि चर्चा संपवा. कोणतं पोलाद श्रेष्ठ यावर रात्री जागवणारे लोक असतात. त्यातल्या बहुतेकांचे चाकू बोथट असतात.

## टप्पा ६: मूठ

चार बोटं मुठीवर पूर्ण बसायला हवीत आणि पुढचं बोट पात्यावर जायला नको. हातमोजे घालून काम करत असाल तर हातमोजे घालूनच बघा. नखाची खाच बहुधा एकाच बाजूला असते. डावखुऱ्यांनी ती कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहावं. गुळगुळीत शिंग आणि पॉलिश केलेलं लाकूड ओल्या हातात निसटतं.

## टप्पा ७: हातात घेऊन तपासणी

हाच क्रम ठेवा, आणि पूर्ण तपासणीत बोटं पात्याच्या मिटण्याच्या मार्गात येऊ देऊ नका. मूठ दोन्ही बाजूंनी धरायची, धारेच्या बाजूने बोटं गुंडाळायची नाहीत.

१. मिटलेला बघा. वरून पाहिलं की पातं दोन भिंतींच्या मधोमध हवं. एका बाजूला टेकत असेल तर प्रत्येक वेळी धार घासली जाईल. टोक मुठीच्या बाहेर डोकावायला नको. त्यावरून बोट हलकेच फिरवा, अडकलं तर चाकू परत ठेवा.

२. सावकाश उघडा. सांधा सगळीकडे सारख्या ताकदीने फिरला पाहिजे. मध्येच खरखर लागली तर आत कचरा आहे किंवा खिळा वाकडा आहे.

३. लॉक बसलेला बघा. पाठीवरच्या लॉकमध्ये दांडी आणि पात्याची पाठ एका रेषेत यायला हव्यात. दांडी किंचित वर राहिली असेल तर दात खाचेत पूर्ण गेलेला नाही. कड्याच्या लॉकमध्ये कडं फिरवत जाताना घट्ट होत थांबायला हवं. सैल फिरून शेवटपर्यंत गेलं तर ते झिजलंय.

४. पातं हलवून बघा. आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली. आडवं हलत असेल तर सांधा सैल आहे. नव्या चाकूत हे चालवून घेऊ नका. पाठीवरच्या लॉकमध्ये वर-खाली अगदी किंचित हालचाल बऱ्याच चांगल्या चाकूंतही सापडते. डोळ्यांना दिसत असेल तर मात्र नको.

५. पाठ दाबून बघा. उघड्या पात्याची पाठ लाकडाच्या ठोकळ्यावर टेका आणि हळूहळू जोर वाढवा. पातं जागचं हलायला नको. असं दोन-तीनदा करा, दर वेळी लॉक सोडून पुन्हा लावून.

६. आवळून बघा. पाठीवरचा लॉक असेल तर पाठ ठोकळ्यावर टेकलेलीच ठेवून मूठ बाजूंनी नेहमीपेक्षा घट्ट आवळा. दांडी खाली जाते का ते दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. जात असेल तर हा चाकू तुमच्या हाताचा नाही. दुसऱ्याच्या हाताला तो चालेलही.

इशारा: पाठ टेबलावर जोरात आपटून लॉक तपासायची एक पद्धत फार पसरली आहे. ती करू नका. चांगल्या लॉकचा दात तिने चेपतो आणि वाईट लॉक तेवढ्या वेळापुरता टिकूनही जातो. शिवाय चाकू अजून तुमचा झालेला नसतो.

लांबून मागवत असाल तर विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: मिटलेला चाकू वरून; उघडलेला चाकू पाठीच्या बाजूने, लॉकच्या सांध्यावर रोखून; आणि पातं समोरून, धार कॅमेऱ्याकडे. बाजूने काढलेला सुंदर फोटो सगळेच देतात आणि त्यातून काहीच कळत नाही. दुसरा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

## टप्पा ८: जुना चाकू घेत असाल तर

वरचं सगळं, आणि आणखी थोडं. पातं वर्षानुवर्षं घासून बारीक झालंय का? मूळ आकाराचा फोटो शोधून शेजारी ठेवा. घासलेल्या पात्याचं टोक मिटल्यावर मुठीबाहेर येऊ शकतं, कारण टोकाची जागा बदललेली असते.

धारेजवळ निळसर-जांभळा पट्टा दिसला तर कुणीतरी ते यंत्राच्या चाकावर जाळलंय. तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असतं, धार टिकणार नाही. पुसून जाणारा डाग आणि हा रंग यात गल्लत करू नका. हा रंग पुसला जात नाही.

मूठ सेल्युलॉइडची असेल तर नाक जवळ न्या. कापरासारखा आणि त्यात आंबट वास आला, मुठीत बारीक चिरा दिसल्या, शेजारचं लोखंड विनाकारण गंजलेलं असलं, तर मूठ आतून विरघळायला लागली आहे. तिच्यातून निघणारी आम्लाची वाफ तुमच्या बाकीच्या चाकूंनाही गंजवते. कितीही देखणा असला तरी असा चाकू कामासाठी घेऊ नका.

सांध्याचा खिळा सैल असेल तर तो ठोकून घट्ट करता येतो, पण ते जाणकाराचं काम आहे. झिजलेला लॉकचा दात मात्र घरी दुरुस्त होत नाही.

## टप्पा ९: घरी आल्यावर

पहिल्या दिवशीच कापायला बसू नका. कारखान्याचं तेल आणि पॉलिशची पूड सांध्यात असते. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या ब्रशने सांधा आणि लॉकची खाच घासा, लगेच कोरडं करा. लाकडी मूठ पाण्यात बुडवून ठेवायची नाही. मग सांध्यावर पातळ खनिज तेलाचा एक थेंब. खाद्यपदार्थ कापणार असाल तर खाण्याजोग्या दर्जाचं खनिज तेल घ्या. स्वयंपाकाचं तेल नको. ते काही दिवसांत चिकट होतं आणि धूळ धरून बसतं.

नवा चाकू बरेचदा पुरेसा धारदार नसतो. दगडावर, दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांत, पातं उघडून लॉक लावूनच घासा. यंत्राच्या चाकावर नेऊ नका. कारण वर निळ्या पट्ट्यात आलंच आहे.

आठवडाभर टाकाऊ पुठ्ठ्यावर वापरा. मिटवताना अंगठा कुठे जातो, कडं फिरवायला विसरता का, हे इथेच लक्षात येतं. पाठीवरच्या लॉकमध्ये दांडी सुटली की पातं तुमच्याच बोटांकडे येतं, म्हणून शेवटचा भाग दुसऱ्या हाताने पात्याची पाठ धरून मिटवायचा.

चामड्याचं म्यान फक्त वागवायला आहे, ठेवायला नाही. चामड्यात राहिलेल्या पितळावर हिरवा थर चढतो आणि पात्यावर ठिपके पडतात. घरी ठेवताना चाकू बाहेर काढून, पातं पुसून ठेवा.

दोन-तीन आठवड्यांनी टप्पा ७ मधली तिसरी आणि चौथी तपासणी पुन्हा करा. दांडी पूर्ण बसत नसेल तर आधी खाच बघा: खिशातल्या कापडाचे तंतू तिथे गोळा होऊन दाबले जातात आणि लॉक अर्धाच लागतो. दात कोरायच्या काडीने ते काढा. काढूनही दांडी वर राहत असेल, तर चाकू कामातून बाजूला ठेवा आणि विक्रेत्याकडे परत पाठवा.